भरलेली जाळी

सियाहकमरच्या घाटात तुरानखानुमच्या जिभेला न भिणारा ट्रकवाला शोधून सापडला नसता. तरी लोक तिच्याकडे थांबत, कारण निखाऱ्यावरचा मासा आणि आश, म्हणजे ताकातलं पालेभाजीचं दाट सूप, तिच्यासारखी अख्ख्या रस्त्यावर कुणाला जमत नव्हती. तेहरानहून समुद्राकडे निघालेली गाडी घाट उतरायला लागली की उजव्या हाताला तिचं हॉटेल. पुढे नदीकाठी गालिचे अंथरलेले लाकडी तख्त, आत चहाच्या पाण्याचा पोट सुटलेला पितळी समोवार, आणि मागे सरळ आभाळात गेलेला काळा कडा.

कडा आणि हॉटेल यांच्यामधल्या उतारावर रस्ते खात्यानं दगड अडवायची जाळी उभी केली होती. माणसाच्या दुप्पट उंचीचे पोलादी खांब, त्यांच्यातून ओवलेले तारेचे दोर, आणि लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून विणलेली, जुन्या शिपायाच्या चिलखतासारखी जाळी. वरून सुटलेला दगड तिच्यात येऊन आदळायचा, जाळी फुगायची, दोरांवर बसवलेली ब्रेकची वेटोळी ओढली जायची आणि दगडाचा जोर तिथल्या तिथे मरायचा. खालून गाड्या निवांत जायच्या.

तुरानला त्या जाळीचा संताप यायचा. "माझा माणूस गेल्यावर यांना जाळी सुचली," असं ती येईल त्याला ऐकवायची. "आधी बांधली असती तर मी तिला अत्तर लावलं असतं."

तिचा नवरा यदुल्ला अकरा वर्षांपूर्वी त्याच कड्यावर जिवानिशी गेला. दोराला लटकून, पहारीनं सुटे दगड पाडायच्या कामावर तो होता. टोळीचा मुकादम त्याचाच जावई, इरज. त्या दिवशी टेहळणीला इरज स्वतः उभा होता आणि शिट्टी त्याच्या तोंडात होती. वरून शिळा निसटली, इरजनं शिट्टी मारली आणि खडकाआड उडी घेतली. दोराला बांधलेल्या यदुल्लाला कुठल्या अंगाला झोका घ्यायचा हे सांगणारं कुणी उरलं नाही. निदान तुरान तरी असंच सांगायची. सरकारी चौकशीत इरजवर ठपका आला नाही. तुरानच्या चौकशीत आला. यदुल्लाच्या चाळिसाव्याच्या दिवशी, भरल्या घरात, तिनं मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, "बापाला टाकून पळणाऱ्याच्या घरात नांदणार आहेस, की आईच्या घरी येतेस?" माहरुखनं वर्षभर दोन्हीकडचे टोमणे झेलले, मग तलाक घेतला. पुढे सारी शहरात तिचं दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली. इरज एकटाच राहिला आणि वरच्या घाटात कामं करत राहिला, पण हॉटेलासमोरून जाताना त्यानं कधी गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही.

त्या वर्षी हिवाळा उशिरा सुटला. नव्या वर्षाचा सण, नवरोज, तोंडावर आला तरी कड्याच्या भेगांमध्ये बर्फ होता. दिवसा वितळायचा, रात्री परत गोठायचा, आणि गोठताना फुगून दगडांना आतून ढकलायचा. एका दुपारी तुरान माशांच्या हौदात हात घालून उभी असताना मागे असा आवाज झाला की हौदातलं पाणी काठावरून सांडलं. ती बाहेर धावली. उतारावर धुळीचा लोट होता, आणि तो विरल्यावर दिसलं ते तिच्याच्यानं बघवेना. जाळीत ट्रकभर दगड बसले होते. जाळीचं पोट थेट हॉटेलच्या दिशेनं लोंबत होतं. दोन खांब वाकले होते, वेटोळी ताणून सरळ झाली होती.

रस्ते खात्याचे फरहमंदसाहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मान वर करून बराच वेळ जाळी पाहिली आणि गाडीतून लाल-पांढरी फीत काढली.

"खानुम, हॉटेल बंद ठेवावं लागेल."

"जाळीत दगड पडलेत ना? मग जाळी बंद करा. माझं कशाला बंद करता?"

"अहो, जाळी भरली की ती निम्मी बुटकी होते. पुढचा दगड त्या ढिगावर आपटून उडेल आणि थेट तुमच्या समोवारात उतरेल. रस्त्याचीही अलीकडची बाजू बंद करतोय मी."

"मग साफ करा की. एवढे टोपीवाले पोसलेत कशाला?"

"टोळ्या सगळ्या वरच्या खिंडीत बर्फावर अडकल्यात. सुट्ट्या संपल्यावर बघू."

"सुट्ट्या संपल्यावर? आणि तोवर इथे दगडांना कबाब वाढू? वर्षाचं माझं पोट या सुट्ट्यांवर चालतं, साहेब!"

फरहमंद फीत बांधत राहिले. गाठ मारून झाल्यावर ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "जवळ एकच टोळी आहे. बोगद्यापाशी. त्यांचं काम थोडं पुढे ढकलता येईल, मुकादम हो म्हणाला तर."

"कोण मुकादम?"

फरहमंद मूळचे त्याच खोऱ्यातले. सगळं ठाऊक असलेल्या माणसासारखे ते खाकरले. "इरज."

तुराननं फितीवर थुंकल्यासारखं केलं आणि आत निघून गेली. दोन दिवसांत रिकाम्या तख्तांवरची धूळ तिनं दहादा झटकली. घाट उतरणाऱ्या गाड्या फीत बघून हळू व्हायच्या आणि पुढे जायच्या, खालच्या वळणावरच्या नव्या हॉटेलात, जिथला मासा तिच्या मते मांजरालाही घालण्याच्या लायकीचा नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं डोक्याला काळा रुमाल घट्ट बांधला, शेजाऱ्याची निळी पिकअप घेतली आणि बोगद्याकडे निघाली.

इरज बोगद्याच्या तोंडाशी तारेच्या दोराला वंगण लावत बसला होता. केस पिकले होते, हात तसेच होते, फावड्यासारखे. तुरानला पाहून त्याची माणसं उभी राहिली. तो उठला नाही.

"जाळी साफ करायचीय," ती म्हणाली.

"कुठली?"

"तुला चांगली माहितीये कुठली."

"जाळी खात्याची. खात्यानं सांगावं."

"खातं म्हणतं, तू हो म्हणालास तर."

"मग मी नाही म्हणालो."

टोळीतल्या कुणीतरी हसू दाबलं. तुरानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "वाटलंच होतं. एकदा जिथून शेपूट घालून पळालास, तिथे परत यायला छाती लागते. ती तुझ्या आईनं तुला दिलीच नाही."

ती पाठ फिरवून पिकअपकडे चालू लागली. मागून वंगणाचं फडकं दगडावर आपटल्याचा आवाज आला.

"थांबा, तुरानखानुम." पूर्वी तो तिला आई म्हणायचा. "उद्या सकाळी येतो. पण एक आहे. माझा टेहळणीवाला हात मोडून घरी बसलाय. तो कडा रोज डोळ्यासमोर ठेवून कोण जगतंय? तुम्ही. त्याची खोड तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही. शिट्टी तुम्ही मारायची."

"मी?"

"का? सोपं काम आहे. अकरा वर्षं गावभर सांगत फिरताय ना, कसं करायला हवं होतं ते."

कुणीच हसलं नाही. तुरानला वाटलं, हा माणूस आपल्याला फासावर चढवतोय आणि दोरसुद्धा आपल्याच हातात देतोय. पण सगळे बघत होते. "किती वाजता?" तिनं विचारलं.

"उजाडताना. थंडीनं दगड धरलेले असतात तोवरच."

दुसऱ्या दिवशी उजाडताना टोळी आली. इरज, एक जेसीबीवाला, आणि गुलाम-सखी नावाचा अफगाण माणूस, जो घण असा चालवायचा की लोक बघत राहत. गुलाम-सखीनं तुरानला सलाम करून "खाला", म्हणजे मावशी, म्हणून हाक मारली. इरजनं तिला उताराच्या कडेच्या सोंडेवर नेऊन उभं केलं. तिथून अख्खा कडा दिसत होता, खाली जाळी दिसत होती, आणि दोन पावलांवर एक मोठा खडक होता.

"लांब शिट्टी म्हणजे पळा," तो म्हणाला. आवाजात ना राग, ना माया. "पण ती मारली की तुमचं काम संपत नाही, तिथून सुरू होतं. आम्ही जाळीच्या मागे, दगडांत वाकलेले. आम्हाला वर बघायला वेळ नसतो. आडोसे दोन आहेत, एक खिंडीकडे, एक गावाकडे. दगड कुठल्या अंगानं येतोय ते बघत राहायचं आणि आम्ही कुठे पळायचं ते ओरडायचं. खिंडीकडे, नाहीतर गावाकडे. आम्ही पोहोचेपर्यंत डोळे काढायचे नाहीत. जागा सोडायची नाही."

"हे तू मला सांगतोस?" तुरानचा आवाज चिरका झाला. "तू?"

"शिट्टी धरणाऱ्या प्रत्येकाला सांगतो." त्यानं शिट्टीची दोरी तिच्या गळ्यात न घालता तिच्या हातात ठेवली आणि उतार चढू लागला.

पहिल्या सकाळी इरज दोरावर होता. कड्याच्या कपाळावरचे उरलेसुरले सुटे दगड पहारीनं उचकटून त्यानं सांगून-सवरून पाडले. तुराननं आयुष्यात कधी कुठल्या माणसाकडे इतक्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. मनात ती त्याला शिव्या घालत होती, आणि तो पाय ठेवील त्या प्रत्येक दगडाबरोबर तिचा श्वास अडकत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात याचाही तिला राग आला. सूर्य कड्याच्या माथ्यावर आला तसा इरज खाली उतरला, दोर गुंडाळला, आणि सरळ ट्रकमध्ये जाऊन बसला.

मग दुसऱ्या दिवसापासून जाळीचं पोट रिकामं करायचं काम सुरू झालं. जाळीचा खालचा दोर सैल करून कड्यांचा काठ जरा उचलायचा, मागून लहान दगड पहारीनं सरकवायचे, मोठे असतील ते पाचर ठोकून फोडायचे. खाली घरंगळलेला माल जेसीबी भरून न्यायचा. गुलाम-सखीचा घण पडला की खोरं दुमदुमायचं. रोज सकाळी तेच, आणि ऊन कड्यावर आलं की थांबायचं. तुरान रोज सोंडेवर उभी राहायची. रोज दोघांची एकदा तरी जुंपायची.

"डावीकडे खडखडतंय, दिसत नाही का तुला?"

"तुम्ही वर बघा, माझ्याकडे नका बघू."

"तुझ्याकडे बघायला तू कोण, नवरदेव?"

"होतो एकदा. तुमची कृपा."

असं. गुलाम-सखी बिचारा दोघांच्या मध्ये मान खाली घालून घण मारत राहायचा.

जाळीत शेवटी एकच धोंडा उरला. फ्रिजएवढा, एका खांबाच्या बुडाशी रुतलेला. तो फोडला की वाकलेले खांब सरळ करायचे, नवी वेटोळी चढवायची, झालं. पण तो धोंडा फुटायचं नाव घेईना. ऊन माथ्यावरून खाली उतरायला लागलं.

"उतरा आता!" तुरान ओरडली. "ऊन आलं!"

"हा एक!" इरजनं हात केला.

"म्हणे हा एक! तुमच्या त्या 'हा एक'नंच माणसं मरतात, मेल्या!"

"पाचर बसलीये! दोन घाव!"

गुलाम-सखीनं घण उचलला. तुराननं वर पाहिलं. कड्याच्या मधल्या पट्टीवरून चार खडे टपटपत आले. त्यांच्यामागे चिमूटभर धूळ, जणू कुणी वर रुमाल झटकला. तीस वर्षं त्या कड्याखाली काढलेल्या बाईला पुढचं दिसलं. तिनं शिट्टी मारली. लांब, फुप्फुसं फाटतील इतकी. वेळेत मारली. ते नंतर सगळ्यांनी मान्य केलं.

शिळा निघाली, खालच्या कपारीवर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा जाळीच्या खिंडीकडच्या टोकावर निघाला. ते तिनं पाहिलं. तोंडात शब्दही आला, "गावाकडे". दुसरा तुकडा हवेत उसळला आणि सोंडेच्या दिशेनं वळला. तिच्या दिशेनं.

नंतर कितीही आठवलं तरी पुढचं तिला नीट आठवलं नाही. पाय कुणी हलवले? तिनं नाही हलवले. ती खडकाआड होती, तोंड मातीत, दोन्ही हात डोक्यावर, आणि शिट्टी अजून दातांत. शिट्टी वाजत नव्हती. आपल्या नाकातून निघणारा आवाज तिला ऐकू येत होता, कुत्र्याच्या पिल्लाचा असतो तसा. वरून माती पडत राहिली. मग पडायची थांबली. तरी ती उठली नाही. उठून बघितलं तर काय दिसेल या भीतीनं ती तिथेच पडून राहिली, आणि तेवढ्या वेळात खाली कुणीतरी कण्हत होतं.

शेवटी उठली. गुलाम-सखी खिंडीकडच्या आडोशाच्या अलीकडे आडवा पडला होता. दगडाचा एक तुकडा खांद्याला चाटून गेला होता, गळ्यापाशी हाड मोडलं होतं, कानातून रक्त येत होतं. इरज त्याच्यावर वाकला होता, धुळीनं पांढरा झालेला. इरज गावाकडे पळाला होता. गुलाम-सखी दुसरीकडे. कुठे पळायचं ते दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

तुरान घसरत, धडपडत खाली आली. इरजनं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "त्याच्या पाठीखाली हात घाला," एवढंच म्हणाला. दोघांनी मिळून गुलाम-सखीला खाली आणलं. जेसीबीवाला त्याला पिकअपमधून आमोल शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. जाताना गुलाम-सखी म्हणाला, "खाला, शिट्टी झक्क मारलीत. नाहीतर मी अजून घण मारत बसलो असतो." तुरानला वाटलं, त्यापेक्षा यानं एक थोबाडीत द्यायला हवी होती.

अंगणात दोघंच उरली. इरज नळाखाली डोकं धरून धूळ धुत होता. तुरान वाट बघत उभी राहिली. आता बोलेल. आता म्हणेल. अकरा वर्षं थांबलेला माणूस आहे, सोडेल थोडाच? त्यानं केस पिळले, बाह्या खाली केल्या, बुटातले खडे झाडले. बोलला नाही.

"बोल ना!" तीच ओरडली. "बोलून टाक! एवढ्यासाठीच उभं केलं होतंस ना मला तिथे?"

"माझा टेहळणीवाला हात मोडून बसलाय. म्हणून उभं केलं." तो थकलेला वाटत होता. "बाकी तुम्हाला जे समजायचं ते समजा. नाहीतरी तुम्ही तेच करता."

"मी पळाले."

"बघितलं मी."

"मला पळायचं नव्हतं."

इरज हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "कुणालाच पळायचं नसतं, तुरानखानुम. मला काय हौस होती? तुमचा नवरा मला बापापेक्षा जवळचा होता. त्यानं मला दोराला गाठ मारायला शिकवली." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अकरा वर्षं मी हेच सांगायला तुमच्या दारात आलो असतो. तेव्हा एकदा आलो होतो. तुम्ही अंगावर उकळतं पाणी फेकलंत."

फेकलं होतं. खरं होतं ते.

"उद्या शिट्टीला कोण उभं राहणार?" तिनं विचारलं.

"तुम्हीच. दुसरं आहे कोण?"

"आणि परत पळाले तर?"

"मग मी माझं बघून घेईन. आज बघितलंच की."

दुसऱ्या दिवशीच्या सकाळची थंडी तिच्या हाडांत राहिली. काही झालं नाही त्या दिवशी. एक खडासुद्धा पडला नाही. धोंडा फुटला, खांब सरळ झाले, नवी वेटोळी दोरांवर चढली, आणि इरजनं हत्यारानं दोर ताणून जाळी परत उभी केली. तुरान सबंध वेळ सोंडेवर उभी होती. पाय जमिनीत रोवून ठेवायला तिला इतके कष्ट पडले की काम संपलं तेव्हा तिला खाली उतरता येईना. कुणी हात द्यायला आलं नाही. ती बसून बसून उतरली.

फरहमंदसाहेब आले, त्यांनी जाळी पाहिली, फीत सोडली, आणि "नवरोज मुबारक, खानुम" म्हणून घाईनं निघून गेले. तुराननं निखारे पेटवले. पहिला मासा भाजला तो खास. वर नारिंगाचा रस पिळला, बाजूला गरम भाकर, कांदा, आशेचा वाडगा. ताट घेऊन ती ट्रकपाशी गेली. इरज आत बसून कागदातली भाकर-पनीर खात होता.

"घे," ती म्हणाली.

"नको."

"दगड नाही घातलेले त्यात."

"नको म्हटलं ना."

ती ताट धरून उभी राहिली. नदीवरचा वारा मासा गार करत होता. "मी माहरुखला सांगते," ती म्हणाली. "आज फोन करून सांगते, की तुझा काही दोष नव्हता."

इरजचा घास थांबला. त्यानं कागद गुंडाळून बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्या नजरेत अकरा वर्षांचा कडवटपणा होता आणि तो जरासुद्धा निवला नव्हता.

"सांगू नका. तिचं घर आहे आता, नवरा आहे, मुलं आहेत. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर का आणून ओतता? तेव्हा हवं होतं मला. आता मला त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"माझ्याच्यानं नाही राहवणार."

"ते माहितीये मला. तुमच्याच्यानं कधीच राहवलं नाही." त्यानं ट्रक सुरू केला. तुरान बाजूला झाली नसती तर ताट तिच्या अंगावर सांडलं असतं.

तिनं फोन केला. राहवलं नाही, ते खरंच. सारीला माहरुखच्या घरात पाहुण्यांचा गलका होता, कुठलं तरी मूल रडत होतं. तुराननं सगळं एका दमात सांगून टाकलं. कडा, शिट्टी, खडक, गुलाम-सखीचा खांदा. "मी पळाले गं. तुझ्या बापाच्या वेळी त्याचंही असंच झालं असणार. मी उगाच..."

पलीकडे गलका चालूच होता.

"मला माहीत होतं, आई," माहरुख म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तो पळाला ते. त्यानंच सांगितलं होतं मला, बाबांना पुरलं त्याच दिवशी. रडत होता. मी त्याला त्यासाठी नाही सोडलं."

"मग?"

"तुझ्यामुळे सोडलं. तू जगू दिलं नसतंस आम्हाला. रोज दारात उभी राहिली असतीस. मी दमले होते, आई." तिचा आवाज वाढला नाही, तो अगदी सपाट होता. "हे आत्ता सांगायला फोन केलास? सणाला? माझ्याकडे माणसं आलीत."

"माहरुख..."

"परत या विषयावर फोन करू नकोस. मुलांना भेटायचं असेल तर ये. हे घेऊन येऊ नकोस." फोन ठेवला गेला.

तुरान मोबाइल हातात धरून चुलीपाशी उभी राहिली. रडू आलं नाही. इरजचा राग अजून तसाच छातीत बसलेला होता, रोजच्या जागी, रोजच्या वजनाचा. फक्त का म्हणून विचारलं तर आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारण गेलं आणि राग राहिला, असं माणसाला होतं हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं तो गार झालेला मासा मांजरापुढे टाकला आणि दुसरा निखाऱ्यावर ठेवला.

बाहेर गाड्या थांबायला लागल्या होत्या. टपांवर गाद्या-सतरंज्या बांधलेल्या, काचांतून पोरांची तोंडं बाहेर आलेली. तेहरानची एक बाई तख्तावर टेकता टेकता मागे वळली, कड्याकडे बघून दचकली आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे नको बसायला, वरून काही पडलं म्हणजे?"

"बसा," तुरान चहाचे पेले मांडत म्हणाली. "जाळी आहे. आजच सकाळी नीट केलीये."

"नक्की? कुणी केली?"

"इरजनं."

"तुमच्यातला कुणी आहे का?"

तुराननं साखरेचे खडे बशीत ठेवले. "नाही," ती म्हणाली. "माझ्या हातचं खात नाही तो. काम मात्र चोख करतो. मासा सांगू की आश?"